गुरुवारचं घर

२६ फेब्रुवारी २०२५, बुधवार. महाशिवरात्र

पीठ संपलं. कुंभाहून परतलेली माणसं गल्लीत मावत नाहीत. गंगेवरच्या दुर्गाघाटाच्या पायऱ्यांपासून आमच्या दारापर्यंत नुसती डोकी. पाटी वाचून विचारत होती, "माई, व्रत का आटा मिलेगा?" होतं तोवर दिलं.

तळाला मूठभर उरलं ते आमच्याकडे भाजायला येणारी सीता घाटावर माशांना घालून आली. उपास संपला की भाजणी शिल्लक ठेवायची नाही, हा या घरचा नियम. रामदाना, म्हणजे आपला राजगिरा, थांबतो, शिंगाडा थांबतो, इकडचा उपासाचा दाणा कुट्टू थांबत नाही. तो बिघडला की माणसाला आडवं करतो. म्हणून कुट्टू सगळ्यात शेवटी दळायचा, उपासापुरताच.

सीताचं नाक आहे म्हणून हे चाललंय. माझा वास चार वर्षांपूर्वी गेला, हे गेले त्याच आठवड्यात. डॉक्टर म्हणाले येईल परत. नाही आला. भाजताना सीता वास घेते आणि म्हणते, "बस, अम्मा, उतारो." मी उतरवते.

संध्याकाळी आदित्य हसत आला. "आई, सांग बरं कोणाचा फोन होता. तुझा गुरुवारचा मुलगा."

नीलकंठ! अडतीस वर्षांनी.

वेदपाठशाळेतली मुलं तेव्हा वार लावून जेवत. सात दिवस, सात घरं. नीलकंठ बीडकडचा, नऊ वर्षांचा. गुरुवार आमच्याकडे. मी नवी सून होते, वाढायचं काम माझं. मान वर करायचा नाही. ताट इतकं पुसायचा की घासायला काही उरत नसे. एकदा सासूबाईंकडून आमटीत दोनदा मीठ पडलं. नैवेद्याआधी आमच्याकडे कोणी चव घेत नाही, त्यामुळे कळलं ते घरातले जेवायला बसले तेव्हा. त्याने आधीच दोन वाट्या संपवल्या होत्या. मी म्हटलं, अरे, बोलायचंस तरी. तर म्हणाला, "वाराच्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत."

चौदाव्या वर्षी पाठशाळा सोडून पळाला. आता त्याचा फोटो हिंदी पेपरात येतो.

६ मार्च, गुरुवार

आला. मुद्दाम गुरुवारी.

गाडी मैदागिनला सोडून गल्लीतून चालत आला. साधा निळा शर्ट. बरोबर एक माणूस होता, त्याला बाहेरच उभं केलं. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाला, "काकू, माझा पाट कुठाय?" गुडघा वाकत नव्हता तरी खाली बसला. यांच्या फोटोकडे बघून हात जोडले. "काका मला गणित शिकवायचे. तेवढंच कामाला आलं."

जेवताना सगळं सांगितलं. इंदूरला कचोरीच्या दुकानात भांडी घासली. मग फरसाणाची पोती सायकलवर. मग एजन्सी. मग बुडत चाललेली एक फरसाणाची कंपनी घेतली, वर आणली, विकली. त्यातून बिस्किटांची. त्यातून मसाल्यांची. आता तो स्वतः काहीच करत नाही, दुसऱ्यांच्या कारखान्यांत पैसा घालतो. आदित्य तोंड उघडं टाकून ऐकत होता.

मी विचारलं, "म्हणजे तू बनवतोस काय?"

हसला. "काही नाही, काकू. लोक बनवतात. मी मोठं करतो. मोठं झालं की विकतो."

"आणि मोठं झालं नाही तर?"

"तर बंद करतो."

हे त्याने आमटी ओरपता ओरपता सांगितलं. आवाज जरासुद्धा बदलला नाही. 

त्याला आमची भाजणी हवी आहे. बाकीची सहा घरं त्याने आधीच घेतली आहेत. सोमवारच्या घरचं लोणचं, शुक्रवारच्या घरचे पेढे, सगळंच. कंपनीचं नाव 'सातघर'.

ताट पुसून उठला. तसंच, पूर्वीसारखं.

७ मार्च

मालविकाला फोन केला. ब्रह्माघाटावरचं सोमवारचं घर तिचं. आता ती नोएडाला मुलाकडे असते. घरात कॉफीचं दुकान आहे आणि लोणचं कुठेच मिळत नाही.

"शरू, सही करू नकोस."

का, विचारलं.

"आमचं दोन वर्षांत बंद केलं त्याने. शुक्रवारवाल्यांचंही. तो सात घरांत जेवला ना, ती सातही घरं गिळणार. वार फेडतोय की वसूल करतोय, देव जाणे."

मग तिच्या मागून सून काहीतरी बोलली, तशी घाईघाईने "ठेवते," म्हणाली.

१३ मार्च, गुरुवार. होळी

मी सही करत नाही म्हणून आदित्य दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. आज बोलला.

"आई, मी अडतीसचा आहे. विम्याची पॉलिसी विकत गल्लीगल्लीत फिरतो. लोग मुझे देखके दरवाज़ा बंद करते हैं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या दारात आलाय."

मी म्हटलं, कागद आण.  हेसुद्धा त्याला नाही म्हणू शकत नसत.

सून मुक्ता बँकेत आहे, तिला कागद कळतात. तिने करार वाचला, मग मी वाचला. इंग्रजी मला पाकिटांच्या पाठीवरून आलेलं, तेवढ्यावर जमेल तसं. सातवीनंतर शाळा नाही, पण घरात आलेला कागद न वाचता मी कधी टाकला नाही. लबाडी कुठे दिसली नाही. दिसली असती तर बरं वाटलं असतं.

२० मार्च, गुरुवार

सही केली.

फोटो काढायला एक मुलगी आली होती. मला कढईपुढे बसवलं. म्हणाली, आजी, हसा ना. नाही जमलं. म्हणाली, ऐसे ही अच्छा है, ओरिजिनल लगता है.

पाकिटावर माझा चेहरा. रामनगरच्या कारखान्यात जबाबदार माणूस म्हणून आदित्यचं नाव. नीलकंठने सगळ्यांसमोर सांगितलं, "आदित्य, माल खराब निघाला तर सरकार तुला विचारेल, मला नाही. समजलं? म्हणून तुझ्या मर्जीशिवाय एक पोतं बाहेर पडणार नाही." आदित्यने मान हलवली. छाती फुगली होती त्याची.

मला ते वाक्य आवडलं नाही. सरकार तुला विचारेल, मला नाही.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

गुढी उभारली. नवरात्र बसलं. पाकिटं शहरभर दिसतात. नात ईशानी शाळेच्या रस्त्यावर दुकानं मोजत जाते, आजी इथे आहे, आजी तिथे आहे. सात वर्षांच्या पोरीला आनंदच.

सीता आणि बायका अजून आमच्याच अंगणात भाजतात. कारखान्याच्या भट्ट्या सुरू व्हायच्या आहेत. सीता विचारत होती, "अम्मा, मसीन के नाक होई का?"

सगळ्या हसल्या. मीही.

२४ एप्रिल, गुरुवार

चार वर्षं झाली. यांच्या चष्म्याची काच पुसून ठेवली. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

५ जून

बायकांचं काम आजपासून बंद. कारखाना सुरू झाला. नीलकंठने प्रत्येकीच्या हातात पाकीट दिलं, कमी नव्हतं ते. सीताने माझ्या पायाला हात लावला आणि गेली. वीस वर्षांहून जास्त झाली तिला इथे.

दुपारी माणसं येऊन जातं घेऊन गेली. विमानतळावरच्या दुकानात मांडणार आहेत, बघायला. ते जातं जिथे होतं तिथे फरशीवर गोल डाग उरलाय. पुसून पाहिला. जात नाही.

९ जून

कोणीतरी घराची मापं घेऊन गेलं. मी विचारलं तर म्हणाला, "सर ने बोला है, बस." फीत गुंडाळून निघून गेला.

मालविकाकडेही आधी मापंच घेतली होती.

२६ जून, गुरुवार

नीलकंठ आला. जेवला. मी सरळ विचारलं, "मालविकाचं लोणचं बंद का केलंस?"

"तिच्या मुलांमुळे. एक म्हणे असं घाला, एक म्हणे तसं. चोरून स्वस्त तेल घालायला लागले. मी बंद केलं."

माझा विश्वास बसला नाही. तिची मुलं मी लहानपणापासून बघितली आहेत.

"आणि आमच्या घराची मापं?"

"ओलीमुळे मागची भिंत सुटतेय. बघितली नाहीत? डागडुजी करून देतो." पोळीचा शेवटचा तुकडा ताटात फिरवला. "तुम्हाला मी घाबरवतो का, काकू?"

मी ताक वाढलं. गुळगुळीत उत्तरं असतात त्याच्याकडे. पैशावाल्यांकडे असतात.

३ ऑगस्ट, रविवार

गंगा चढली. दुर्गाघाट पाण्याखाली. गल्लीच्या तोंडाशी नाव लागते. संकठादेवीला जाता येत नाही, घरूनच हात जोडले. पलीकडे रामनगरला गोदामात पाणी नाही, पण आदित्य म्हणतो भिंतींना ओल आलीय. चार दिवस तिकडेच होता. आला तेव्हा दाढी वाढलेली.

"चैत्रातलं किती पडून आहे?" मी सहज विचारलं.

"थोडंफार," म्हणाला. "तू नको डोकं घालूस."

शिल्लक! आमच्या घराच्या नावावर. वाचून बघते तर वाक्य खोटं वाटतं. मी म्हटलं, पाणी उतरलं की माशांना घाल. तो हसला. "ट्रकभर पीठ खाणारे मासे कुठून आणू, आई?"

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज पहिल्यांदा नीलकंठचा आवाज चढलेला ऐकला. बाहेरच्या खोलीत आदित्यला म्हणत होता, "चैत्रातलं सगळं बाहेर काढ. परत येईन तेव्हा माझ्या गोदामात एक पोतं दिसता कामा नये. झालं ते नुकसान माझं."

आदित्य म्हणाला, "काका, नवरात्राच्या ऑर्डरी—"

"नवरात्राच्या ऑर्डरी पूर्ण झाल्याच पाहिजेत. चाळीस शहरं. नाही जमली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. ते तू बघ."

आत आला तेव्हा चेहरा पुन्हा तोच. "काकू, आज काय केलंय?"

मी वाढलं.  गोदाम रिकामं करायला निघालाय. मालविकाकडे असंच झालं होतं. आधी माल हलवला, मग माणसं, मग दाराला कुलूप. हळूहळू चालतो हा, पण थांबत नाही.

२ सप्टेंबर

आदित्य जेवत नाही. ताटावर बसतो, उठतो. मुक्ता म्हणते, फोन वाजला की दचकतो. आज ईशानीने त्याच्या पाठीवर उडी मारली तर इतका ओरडला की पोर माझ्यामागे लपली.

हे सगळं त्या माणसामुळे. पोराला पिळून घेतोय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

द्वादशी. यांचं श्राद्ध. आदित्यने केलं, पण मंत्रात दोनदा चुकला, गुरुजींनी थांबवून परत म्हणायला लावलं.

मालविकाचा फोन आला. तिला यांची तिथी आठवते. मी म्हटलं, तू म्हणालीस तसंच होतंय. नीलकंठ आदित्यला संपवणार.

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "शरू, तेव्हा सून जवळ होती. आमचं... नीलकंठने उगाच नाही बंद केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पोरांवर लक्ष ठेव."

पोरांवर. नीलकंठवर नाही, पोरांवर. दिवसभर ते डोक्यात फिरतंय. मग वाटलं, म्हातारी झालीय, काहीही बोलते.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

गोदौलियाला मोठा फलक लागलाय. कढई, आणि तिच्यामागे माझा न हसणारा चेहरा. रिक्षात बसून खालून पाहिला. विधवा बाईचं तोंड सणासुदीला चौकात. सासूबाईंनी काय म्हटलं असतं. यांनी मात्र रिक्षा थांबवून परत परत पाहिला असता.

आदित्यला म्हटलं, देवीच्या नैवेद्याला आपलं एक पाकीट आण. म्हणाला, "घरात कशाला? खिचडी कर साबुदाण्याची."

आपलंच पीठ, आणि देवीला नको?

"पॅकिंगमधलं कशाला, आई. तू ताजं कर."

जातं विमानतळावर आहे. कशावर करू?

२५ सप्टेंबर, गुरुवार

आजच लिहिते. उद्या मला वेगळं आठवेल.

नीलकंठ दुपारी आला. हातात सातघरचं पाकीट. "देवीला आणलंय. दुकानातून घेतलं, कारखान्यातून नाही. लोकांना मिळतं तेच. थालीपीठ करा, काकू."

केलं. रंग ठीक होता. वास मला कळत नाही. चव घ्यायचा प्रश्नच नव्हता. नैवेद्य दाखवला, पाणी फिरवलं, मग चार ताटं वाढली. नीलकंठचं, आदित्यचं, माझं आणि शाळेला सुट्टी म्हणून ईशानीचं. आदित्य येणार नव्हता, पण नीलकंठने फोन करून बोलावलं.

आदित्य आत आला, ताटाकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"प्रसाद," मी म्हटलं. "तुझंच पीठ."

तो खाली बसला. त्याचा चेहरा मी श्राद्धाच्या दिवशी पाहिला होता तसा झाला. "माझं पोट ठीक नाहीये," म्हणाला आणि ताट सरकवलं. मग ईशानीने तुकडा मोडला. त्याने तिचा हात धरला. जोरात. तुकडा तिच्या बोटांतून काढून घेतला, तिच्या ताटातलं सगळं थालीपीठ उचलून आपल्या ताटात टाकलं. "तू दूध पी. जा."

पोर रडत आत गेली.

नीलकंठ अर्ध्यावर आला होता. थांबला. आदित्यच्या ताटाकडे पाहिलं, आदित्यकडे पाहिलं. मी त्याला म्हणणार होते, बघ, माझ्या मुलाची काय दशा केलीस. पण त्याने खाली मान घातली आणि जेवायला लागला. सावकाश. शेवटच्या तुकड्याने ताट पुसलं. आचवला, "येतो," म्हणाला, नेहमीसारखं वाकून नमस्कार केला.

मी शेवटी बसले. पहिला घास कडू. साधा नाही, घशात धरून राहणारा. वास गेला तरी कडू अजून कळतं मला. गिळला. प्रसाद थुंकता येत नाही.

मग आदित्यच्या ताटाकडे पाहिलं. दोघांची थालीपीठं त्यात, एकावर एक.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

नाही म्हणाला नाही. भिंतीला टेकून बसला. चैत्रातलं पीठ बाहेर काढलंच नव्हतं. दुसरीकडे ठेवलं, नवरात्राच्या मालात मिसळलं. "थोडं थोडंच, आई. काहीच होणार नाही असं वाटलं. चाळीस शहरं कुठून भरू मी? काकांना माहीत नाही. त्यांनी फेकायलाच सांगितलं होतं."

"ईशानीला का नाही खाऊ दिलंस?"



नीलकंठला फोन लावायला लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. कारखान्यात लावायला सांगितलं तर माझे हात धरले. "एक दिवस दे. आज बोललो तर मी संपलो. कदाचित सगळी पाकिटं अशी नसतील."

मी ईशानीला घेऊन गल्लीतल्या दुकानात गेले. म्हटलं, भैया, ही पाकिटं काढा, कोणाला देऊ नका. तो हसायला लागला. "माई, फोटो तो आप ही का है."

उभी राहिले. मग शेजारपाजारी दारोदार गेले, पायऱ्या चढवत होत्या तोपर्यंत. काहींनी ऐकलं. काहींची जेवणं झाली होती.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळपासून रुग्णवाहिकांचा आवाज येतोय, रस्त्यावरून. गल्लीत त्या येऊ शकत नाहीत, माणसांना खुर्चीत घालून नेतात. उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं. मुक्ताने मोबाइलवर दाखवलं, बाहेरच्या शहरांतूनही तेच. पाकिटं परत मागवली म्हणे. काल मागवायला हवी होती.

मला रात्रभर मळमळलं, एका घासावर भागलं.

नीलकंठ रुग्णालयात आहे कळलं म्हणून गेले. सलाइन लावलेलं, ओठ पांढरे. मला बघून उठायला लागला, मी दाबून निजवलं.

"तुला कडू लागलं नाही?"

"पहिल्याच घासाला लागलं. वाटलं, माझंच तोंड खराब असेल. मग आदित्यने पोरीचा हात धरला, तेव्हा समजलं."

"मग थांबला का नाहीस?"

"तुमच्या घरात ताट टाकू?"

 आमटीच्या दोन वाट्या आठवल्या.

थोड्या वेळाने म्हणाला, "माझ्यावर येऊ दे, काकू. कागदावर आदित्यचं नाव आहे, पण मी लिहून देईन की माल माझ्या सांगण्यावरून गेला. लोक तसंही मलाच म्हणणार. तुम्हीपण म्हणतच होता ना?"

होते. सहा महिने या वहीत तेच लिहिलंय.

"चाळीस शहरं मीच म्हटलं होतं," तो म्हणाला. "अगदीच खोटं नाही होणार ते."

बाहेर पडताना जनरल वॉर्डात सीताची मुलगी दिसली. सीता खाटेवर, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तरी ओळख नाही. मुलगी मला चिकटून रडली. तिला राग यायला हवा होता.

"सूँघ के रुक गई थीं, अम्मा. हम बोले, फेंक दें? बोलीं, नाहीं, ई अम्मा के घर का है, अम्मा गलत नाहीं देंगी."

घरी आले तर आदित्य दारातच. "काका काय म्हणाले?" मी सांगितलं, सगळं स्वतःवर घेतो म्हणाला. त्याने डोळे मिटले आणि किती दिवसांनी त्याचे खांदे खाली आले. लहानपणी ताप उतरायचा तेव्हा असाच दिसायचा. मी कपाळावर हात ठेवला. ठेवायला नको होता, पण ठेवला.

संध्याकाळी जेवला. दोन वाट्या भात.

यांच्या फोटोपुढे बसले.  

२७ सप्टेंबर, शनिवार

पहाटे सीता गेली.

दुपारी अन्नखात्याचे साहेब घरी आले. बरोबर पोलीस. मुक्ताने पाणी दिलं. म्हणाले, माताजी, नीलकंठजींनी लिहून दिलंय, सही करून. आपसे बस इतना पूछना है, गुरुवारी इथे ते पीठ कोणी कोणी खाल्लं?

म्हटलं, नीलकंठने. मी एक घास.

त्यांनी लिहिलं. वही मिटायला लागले.

म्हटलं, थांबा. कोणी खायचं टाळलं, तेही लिहा.

आदित्य दारात उभा होता. त्याच्याकडे बघून सांगितलं.